जरा म्हणजे किती?

ठाण्यात पत्ता विचारावा, तर सांगणारा कारखान्यांची नावं घेत घेत तुम्हाला घरापर्यंत सोडतो. नितीन कंपनीला उतरा, कॅडबरीला वळा, गोल्डन डाईजला कुणालाही विचारा. नितीन कंपनीच्या थांब्यावर रोज एवढी माणसं चढतात-उतरतात, पण ही कंपनी काय करायची असं विचारलं तर निम्मे म्हणतील, उड्डाणपूल. कंपनी कास्टिंगची होती असं सांगावं, तर तरुण मंडळींचे डोळे चमकतात. घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात, त्यामुळे कास्टिंग म्हणजे सुनेच्या भूमिकेसाठी मुली निवडणं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. वितळलेला धातू साच्यात ओतण्यालाही कास्टिंग म्हणतात हे कळल्यावर त्यांचा रस जागच्या जागी थिजतो.

वागळे इस्टेटीचंही तेच. १ ऑगस्ट १९६२ रोजी, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, याच इस्टेटीत एका छोट्याशा समारंभात एमआयडीसीचा जन्म झाला. इथल्या रस्त्यांना कुणी महापुरुषांची नावं दिली नाहीत, नुसते नंबर दिले. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. एखाद्या फिटरला शहर वसवायला सांगितलं असतं तर त्यानं हेच केलं असतं, फक्त प्रत्येक नंबरापुढे प्लस-मायनस किती तेही लिहिलं असतं. पूर्वी मुलं इथं अ‍ॅप्रेंटिस म्हणून चिकटायला यायची. आता इथल्या पासपोर्ट केंद्रात कागद घेऊन येतात, म्हणजे सुटायला.

आणि लोखंड घासायची ती कानस! ठाण्याच्या रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ सालची. नवरदेवाच्या सुटाचं कापड विणणाऱ्या या घराण्यानं जे. के. फाइल्स या नावानं कानशीही काढल्या, आणि त्याही ठाण्यातच. एका मालानं माणूस गुळगुळीत दिसायचा, दुसऱ्यानं लोखंड गुळगुळीत व्हायचं. टिकाऊपणात लोखंडानं बाजी मारली, हे लग्नाचे जुने फोटो पाहिले की कळतं. आता पोखरण रोडवरच्या त्या जागेवर मनोरे उभे आहेत आणि तिथल्या फ्लॅटमध्ये कुणाला कानस लागलीच, तर ती ऑनलाइन मागवतात.

पण कारखाने गेले तरी माणसं कुठं जातात? वागळेतली, डोंबिवली एमआयडीसीतली, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतली, कल्याणच्या लोको शेडमधली फिटर-टर्नर मंडळी निवृत्त होऊन डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत राहिली आहेत. दर जुन्या इमारतीत एखादा तरी सापडतोच. आमच्याही इमारतीत आहेत. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर असतं. बाकी सगळे त्यांना फिटरकाका म्हणतात.

फिटरकाकांचा आणि डोंबिवलीचा मुळात एक झगडा आहे. डोंबिवली चालते ‘जरा’वर. जरा सरका. जरा आत व्हा. लोकल जरा लेट आहे. पाणी जरा कमी दाबानं येईल. बिल्डर म्हणतो, ताबा जरा पुढे गेलाय. या सगळ्याला काकांचा एकच प्रश्न असतो : “जरा म्हणजे किती?”

हा प्रश्न ते खवचटपणे विचारत नाहीत, हीच पंचाईत आहे. त्यांना खरोखर आकडा हवा असतो. सगळं आयुष्य व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर गेलेलं. नेहमीच्या व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, मायक्रोमीटरवर ०.०१. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड. म्हणजे केसाचा पाचवा-दहावा भाग मोजत या माणसाचे केस गेले, आणि आता मोजायलाही उरले नाहीत. व्हर्नियरची युक्ती फ्रान्सच्या पिएर व्हर्निए यांनी १६३१ साली जगापुढे मांडली. तेव्हा शिवाजीमहाराज पाळण्यातून नुकते उतरले असतील. तेव्हापासून जगाला बारीक मोजता येतंय, आणि आम्ही अजून जरा सरकतोय.

ग्रिलवाला आला की काकांचा रक्तदाब वाढतो. कारण ग्रिलवाला सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशानं १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत आणली, ती बँका, शाळा, रेशन दुकानं सगळीकडे पोचली, पण ग्रिलवाल्याच्या तोंडापर्यंत पोचली नाही. “दोन सूत हवा ठेवलीय, काका,” तो म्हणतो. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तेवढ्या हवेत काकांच्या मते झुरळ, पाल आणि डास तिन्ही आत येऊ शकतात.

काका असे कशामुळे झाले हे समजायला आयटीआयच्या फिटर ट्रेडचे सुरुवातीचे महिने पाहावे लागतात. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम. मुलगा यंत्रं चालवायच्या स्वप्नात आत शिरतो आणि त्याच्या हातात माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड तुकडा आणि एक कानस येते. सांगितलं जातं, याच्या बाजू सपाट कर आणि एकमेकींना काटकोनात आण. ऐकायला हे अर्ध्या तासाचं काम वाटतं. मुलगा घासतो. घासतोच. आठवडे जातात. कानस पुढे ढकलताना दाबायची आणि मागे येताना उचलायची असते, कारण तिचे दात पुढे जातानाच कापतात. नवखा मात्र दोन्ही बाजूंनी व्हायोलिन वाजवतो. त्यात हात नकळत झोके घेतो, त्यामुळे दोन्ही कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो. तो फुगवटा काढायला जावं तर कडा आणखी उतरतात. मग तो कौतुकानं पृष्ठभागावरून बोट फिरवतो, तिथं बोटाचं तेल लागतं आणि पुढच्या वेळी कानस त्यावरून नुसती घसरते.

शेवटी तुकडा घेऊन तो सरांकडे जातो. सर त्यावर गुण्या ठेवतात आणि दोन्ही वस्तू खिडकीच्या दिशेनं डोळ्यासमोर धरतात. गुण्या आणि धातू यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, तर बाजू वाकडी. सर एवढंच म्हणतात, “उजेड पाडलास.” सबंध महाराष्ट्रात हे वाक्य टोमणा म्हणून वापरतात. आयटीआयमध्ये ते तपासणीचा अहवाल असतं.

काकांनी त्या काळात एवढा उजेड पाडला होता, की नंतर आयुष्यभर ते दारं, खिडक्या, नातेवाईक आणि जावई सगळ्यांना त्याच नजरेनं उजेडाकडे धरत आले. लोखंडाचा एक स्वभाव असतो. जास्तीचं काढता येतं, पण काढलेलं परत लावता येत नाही. शिंप्याला शिवण उसवता येते, स्वयंपाकात मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो. इथं ०.०५ जादा गेलं की तो तुकडा भंगारात. ज्याला हे वयाच्या सतराव्या वर्षी कळलं, तो माणूस पुढं कुठल्याही गोष्टीला चटकन हात घालत नाही. काकांचं लग्नही म्हणे उशिराच झालं.

कानशीवरून घरात एक सांस्कृतिक प्रश्नही उभा राहायचा. दातांच्या जाडीप्रमाणे कानशींचे प्रकार असतात : रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ आणि डेड स्मूथ. त्यातली दुसरी सगळ्यात जास्त लागते. त्यामुळे संस्कारी मराठी घरातला आठवीतला मुलगा पाहुण्यांसमोर वडिलांना मोठ्यानं विचारायचा, “बाबा, बास्टर्ड कुठं ठेवलीय?” आणि वडील तितक्याच शांतपणे सांगायचे, “माळ्यावर, डालड्याच्या डब्यात.” आई स्वयंपाकघरात कपाळाला हात लावायची. काकूंचा सल्ला होता की निदान सणासुदीला तरी सेकंड कट वापरावी.

हा डालड्याचा डबा म्हणजे डोंबिवलीच्या जुन्या घरांचं म्युझियम. त्यात जोडी नसलेले पाने, अर्धवट हॅक्सॉ ब्लेड, एका जातीचा बोल्ट, दुसऱ्या जातीचा नट आणि ‘लागेल कधीतरी’ या वर्गातल्या अनेक वस्तू असतात. पण खरा खजिना डब्याबाहेर, सगळ्या घरात पसरलेला असतो. ‘कंपनीतून करून आणलेलं’ या नावाची स्वतंत्र भांडीकुंडी होती. स्वयंपाकघरातली सुरी पॉवर हॅक्सॉच्या मोडलेल्या ब्लेडची. हायस्पीड स्टील ते, लोखंड कापायला घडवलेलं; पुढं जन्मभर त्यानं काकूंची मेथी चिरली. धार जात नाही. मात्र पडली की काचेसारखी तुटते, म्हणून घरात बाळापेक्षा सुरीला जास्त जपत.

देवघरातलं निरांजन लेथवर पितळी सळई फिरवून काढलेलं. कंपनीच्या गेटवर झडती व्हायची, त्यामुळे ते एकदम बाहेर येणं शक्य नव्हतं. बैठक सोमवारी आली, दांडा मंगळवारी, वाटी बुधवारी, तिन्ही जेवणाच्या डब्यातून. गुरुवारी घरी आटे जुळले आणि दत्ताची आरती झाली. आरती संपल्यावर काकांनी वाटी अर्धा फेरा उलटी फिरवून पाहिली, आटे सैल तर नाहीत ना म्हणून. वात तशीच तेवत होती.

सगळ्यात प्रसिद्ध झाला तो खलबत्ता. एका टर्नरमित्रानं काकांना लग्नात दिलेला, स्टेनलेस स्टीलचा. आहेर म्हणून त्यानं अंगातली सगळी कला ओतली. बत्त्याची जाडी आणि खलाचा आतला व्यास यांत त्यानं इतका कमी फरक ठेवला, की आतली हवा बाहेर पडायला वाटच मिळेना. वेलची टाकून बत्ता सोडला की तो कुटायच्या ऐवजी हवेवर तरंगत, लिफ्टसारखा हळूहळू खाली उतरायचा आणि वेलचीच्या डोक्यावर अलगद टेकायचा. वर ओढायला दोघं लागायचे. काकू वेलची कुटायला शेजारचा दगडी खलबत्ता आणत. काका मात्र पाहुण्यांना तो बत्ता उतरताना दाखवत आणि सगळ्यांना चहा होईपर्यंत थांबवत.

खंडेनवमीला या सगळ्या अवजारांची पूजा. ही कारखान्यांतली सगळ्यांत आवडती सकाळ. लेथला झेंडूचा हार, ड्रिलमशीनपुढे नारळ, हातोड्यांना हळदकुंकू. एखादा भाविक व्हर्नियरच्या जबड्यातही कुंकू लावतो आणि गेज-रूममधल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. भक्तीनं नव्हे. दसरा झाला की सगळे जॉब कुंकवाच्या थराएवढे जाड भरणार असतात.

पाना या विषयावर काकांशी बोलणं टाळावं. त्यांच्याकडे दुतोंडी पान्यांचा संच आहे, आकड्यांप्रमाणे लावलेला : सहा-सात, आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा. त्यातला दहा-अकरा सगळ्यात जास्त लागतो, म्हणून सगळ्यात आधी हरवतो आणि बहुधा शेजारी सापडतो. प्लंबर मात्र एकच अ‍ॅडजस्टेबल पाना घेऊन येतो. आवळत-सैल करत तो कुठल्याही नटाला लावता येतो, म्हणजे कुठल्याच नटाला नीट बसत नाही. दोन झटक्यांत षटकोनी नटाचे कोपरे जातात आणि तो गोल होतो. मग प्लंबर म्हणतो, नट खराब आहे. “ज्या अवजाराच्या नावातच अ‍ॅडजस्ट आहे,” काका म्हणतात, “ते अवजार नव्हे, ते लोकलमधलं चौथं सीट.” तरी वापरायचाच असेल तर जोर स्थिर जबड्यावर येईल अशा बाजूनं ओढावा, हलत्या जबड्यावर नाही, एवढं ते घसा कोरडा होईस्तोवर सांगतात. प्लंबर मान डोलावतो आणि उलटा ओढतो.

चौथ्या मजल्यावर आयटीतला एक तरुण राहतो. त्यानं शंभरावर नगांचा टूलकिट मागवला. लाल पेटी, आत फोमच्या खाचांत झोपवलेली अवजारं, त्यातली निम्मी कशासाठी हे कंपनीलाही माहीत नसावं. त्याला खिडकीच्या लोखंडी चौकटीला भोक पाडायचं होतं. त्यानं ड्रिल थेट लोखंडावर टेकवलं. ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं, पण त्याला बसायला आधी सेंटर पंचनं एक खळगी करून द्यावी लागते. नाही दिली तर ते पृष्ठभागावर भाडेकरूसारखं जागा शोधत हिंडतं.

“काका, भोक जरा बाजूला गेलं.”

“किती?”

“जरासंच हो.”

काकांनी खिशातून पट्टी काढली. ती त्यांच्या लेंग्यालाही खिसा असण्याचं एकमेव कारण आहे. “नऊ मिलिमीटर. याला बाजूला जाणं म्हणत नाहीत रे, स्थलांतर म्हणतात.”

मग त्यांनी त्याला बसवून शिकवलं. आधी खूण, मग पंच, मग बारीक ड्रिल, मग मोठं. लोखंड असेल तर तेलाचे थेंब, अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, बीड आणि पितळ कोरडं. आटे पाडायचे असतील तर एम-सहाच्या टॅपला पाच मिलिमीटरचं भोक, एम-आठला सहा पूर्णांक आठ, एम-दहाला साडेआठ. टॅप पुढे अर्धा फेरा फिरवावा आणि मागे पाव फेरा, म्हणजे आतला कीस तुटतो. घाई केली तर टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप ड्रिलनं निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कठीण असतो. हे आकडे काका डोळे मिटून सांगतात. त्यांच्या लग्नाची तारीख विचारली तर मात्र काकूंकडे बघतात. तरुणानं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि हात सुरक्षित राहावेत म्हणून जाड हातमोजे चढवले. काका एकदम ओरडले, “काढ ते!” फिरत्या ड्रिलपाशी हातमोजा कधीही घालायचा नसतो. सुटा धागा अडकला की मोजा बोटासकट गुंडाळला जातो. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी टोकाला जरा आखूड आहे, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण किती, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. “चार मिलिमीटर.”

लोकलबद्दल त्यांची तक्रार नाही, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं. त्यांच्या मते मध्य रेल्वे हे फिटिंगचं चालतंबोलतं पाठ्यपुस्तक आहे. कल्याणला माणूस डब्यात शिरतो तो क्लिअरन्स फिट. आजूबाजूला हवा असते, हात हलवता येतो. डोंबिवलीला इंटरफिअरन्स फिट. म्हणजे भोकापेक्षा दांडा मोठा, तरीही आत जायचाच. यासाठी कारखान्यात हायड्रॉलिक प्रेस लागतो, फलाटावर तो मागचे प्रवासी पुरवतात. असा बसवलेला भाग सहजी निघत नाही, म्हणूनच मुंब्र्याचा माणूस ठाण्याला उतरतो. बेअरिंग बसवताना बाहेरचा भाग तापवतात आणि आतला थंड ठेवतात, म्हणजे अलगद बसतो. मे महिन्यात रेल्वे नेमकं उलटं करते, आतली माणसं तापवते. “डिझाइनची चूक,” काका म्हणतात, आणि पुढे सरकतात. अर्थात जरा.

गेल्या वर्षी सोसायटीच्या लोखंडी गेटचा प्रश्न आला. गेट उघडताना एवढ्या मोठ्यानं करकरायचं, की पहिल्या मजल्यावरची लहान मुलं दचकून उठायची. समितीनं प्रथेप्रमाणे तीन कोटेशन मागवली. पहिल्यानं नवं गेट सुचवलं, दुसऱ्यानं नवं गेट आणि नवी भिंत, तिसऱ्यानं सेन्सरवालं सरकतं गेट. सर्वसाधारण सभेत दोन तास चर्चा झाली, त्यातला दीड तास मागच्या सभेचं इतिवृत्त चूक आहे यावर गेला. फिटरकाका शेवटच्या रांगेत बसले होते. कुणीतरी म्हणालं, गेट जरा खाली बसलंय.

सभा संपली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, एमआयडीसी बंद. अशा दिवशी काकांना जुन्या सवयीनं चैन पडत नाही. सकाळी ते डालड्याचा डबा घेऊन खाली उतरले. गेट अडीच मिलिमीटर खाली बसलं होतं, कारण खालच्या बिजागरीची पिन झिजली होती. त्यांनी आयटीतल्या तरुणाला गेट पहारीनं उचलून धरायला लावलं, जुनी पिन काढली, माळ्यावर तीस वर्षं ‘लागेल कधीतरी’ म्हणून पडलेल्या सळईचा तुकडा त्याच्याकडूनच हॅक्सॉनं कापून घेतला, कानशीनं मापात आणला, खाली एक वॉशर सरकवला आणि वर ग्रीस लावलं. तरुणानं मध्येच कापता कापता ब्लेड तोडलं आणि नवं ब्लेड त्याच चिरेत घालायला गेला. काकांनी त्याचा हात धरला. जुनं ब्लेड झिजून बारीक झालेलं असतं, नवं त्या चिरेत अडकून तुटतं. दुसऱ्या बाजूनं सुरू कर. अकराच्या सुमारास गेट एका बोटानं, अजिबात आवाज न करता उघडलं. खर्च झाला तो वॉशरचा, आणि तोही काकांनी दिला.

पुढचे पंधरा दिवस इमारतीत कौतुक चाललं. मग तक्रारी आल्या. रात्री उशिरा आलेल्या लोकांसाठी वॉचमन दार उघडेना, कारण त्याला जाग येईना; त्याचा गजर म्हणजे गेटची करकर होती. दूधवाला कधी आला कळेना. कुणाची मुलगी किती वाजता घरी आली, ही माहिती पहिल्या मजल्याला मिळेनाशी झाली, आणि पहिला मजला समितीत बहुमतात आहे. शेवटी सचिव स्वतः काकांच्या दारात आले.

“काका, काम उत्तमच झालंय हो. फक्त गेट पूर्वीसारखं जरा वाजेल असं काही करता येईल का?”

“येईल की,” काका म्हणाले आणि लेंग्याच्या खिशातून पट्टी काढली. “गेट किती अंशांपर्यंत उघडल्यावर वाजायला हवं आणि आवाज कितव्या मजल्यापर्यंत जायला हवा, एवढं ठरावात लिहून आणा. खाली प्लस-मायनस टाकायला विसरू नका.”